दोन विहिणी आणि एकच रकाना

माझ्या आईचे दोन आणि सासूबाईंचे दोन, असे आमच्या कुटुंबात चार गुडघे होते, आणि चारही एकाच वेळी बिघडले होते. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. आत्याबाई खुर्चीतून उठल्या की असा कडकडाट व्हायचा, की खालचा किराणावाला दुकानातून ओरडून विचारायचा, "अम्मा, नारियल फोडे क्या?" त्या आवाजाने हैदराबादच्या आमच्या नारायणगुड्यातली अर्धी कुत्री भुंकायला लागायची. मी काही वाढवून सांगत नाही. उरलेली अर्धी बहिरी होती.

आई गौलीगुड्यात दुसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. तिचे गुडघे वाजायचे नाहीत, ते तिच्यासारखेच मानी. खाली भाजीवाल्याने हाक दिली की ती जिना उतरायला सुरुवात करायची, आणि शेवटच्या पायरीवर पोचेपर्यंत त्याच्या कोथिंबिरीला फुलं आलेली असायची.

डॉक्टरांनी दोघींनाही सांगून ठेवलं होतं, गुडघा बदला. दोघीही "बघू पुढच्या वर्षी" म्हणायच्या. मला घोर नव्हता. मी पंख्यांच्या कंपनीत माल रवाना करण्याच्या खात्यात आहे आणि कंपनीच्या आरोग्य विम्यात मी, माझा नवरा, माझी मुलगी आणि दोन्हीकडची वडीलधारी मंडळी असे सगळे बसत होते. नवरा घरी गणिताच्या शिकवण्या घेतो, त्यामुळे त्याच्याकडून विमा यायचा प्रश्नच नव्हता.

मग एके दिवशी आम्हाला मीटिंगला बोलावलं. दरवर्षी मीटिंगला समोसे असतात, या वेळी नुसतीच बिस्किटं होती. तिथेच मला संशय आला. एचआरची मुलगी जेमतेम पंचविशीची, गुडघे अगदी नवेकोरे. तिने पडद्यावर दवाखान्यांचे खर्च कसे वाढताहेत त्याचा आलेख दाखवला. ती रेघ इतकी उभी चढत होती की पडदा संपला, मग भिंतीवर गेली, आणि वरच्या मजल्यावरच्या लोकांना बहुतेक फरशीतून वर येताना दिसली असेल.

"विमा कंपनीने हप्ता वाढवलाय," ती म्हणाली. "म्हणून यंदापासून प्रत्येकाने एकच बाजू निवडायची. आई-वडील, नाहीतर सासू-सासरे. शुक्रवारी पाचपर्यंत. निवडलं नाही तर दोन्ही बाजू बाद."

मी हात वर केला. "माझे वडील नाहीत आणि सासरेही नाहीत. दोन माणसांचीच जागा आहे ना? एक आई आणि एक सासू अशी जोडी घाला."

"सिस्टम घेत नाही, मॅम."

शेजारच्या सहकाऱ्याने तिथल्या तिथे मोबाईलवर सासू-सासरे निवडून टाकले. मी म्हटलं, "अरे, आणि तुझे आई-वडील?"

"ते तंदुरुस्त आहेत," तो म्हणाला. "पण माझी बायको त्यांच्याहून तंदुरुस्त आहे."

बाहेर स्वतंत्र पॉलिसी घ्यावी तर मी चौकशी करून आले होते. सत्तरीच्या बाईचं आधीपासूनचं दुखणं म्हटल्यावर ते म्हणत, हप्ता आत्तापासून भरा आणि दुखण्यासाठी काही वर्षं थांबा. म्हणजे विमा सुरू, गुडघा प्रतीक्षायादीत. तोवर आईने जिन्यावरच संसार मांडला असता. तेव्हा मामला सरळ होता. एकीचा गुडघा होणार, एकीचा राहणार, आणि कुणाचा ते माझं बोट ठरवणार.

घरी कुणाला काही सांगायचं नाही, असं मी ठरवलं होतं. नवऱ्याला तेवढं सांगितलं, आणि त्याने जेवताना पहिल्याच घासाला विचारलं, "मग तुझं काय ठरलं, आई का आई?"

आत्याबाईंनी वरणाचा चमचा खाली ठेवला. "कसलं ठरायचंय?"

सगळं ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "माझं नाव घालायचं नाही. माझ्या गुडघ्यांना काय धाड भरलीय? विहीणबाईंचं घाल. बिचाऱ्या थकल्यात."

हे "बिचाऱ्या" मी आईला सांगायला नको होतं. दुसऱ्या दिवशी गौलीगुड्यात जाऊन सांगितलं.

"बिचारी कोण? मी?" आई कडाडली. "मी रोज बस स्टँडपर्यंत चालत जाऊन येते. त्यांचंच घाल. त्यांचे तर उठताना फटाके वाजतात."

वर आईचा एक जुना नियम होता, लेकीच्या घरचं फुकट काही घ्यायचं नाही. माझ्याकडे चहा प्यायली तरी जाताना नातीच्या हातावर दहाची नोट ठेवायची. नात इंजिनिअरिंगला गेली तरी नोट चालूच, आणि नातही आज्जीला दिवसातून चार-चार वेळा चहा विचारायची.

"चहाचे दहा," आई म्हणाली. "लेकीच्या कंपनीचा गुडघा घेतला तर पोरीच्या हातावर काय ठेवू, हे घर?"

आणि मग दोघींनी आपापली तब्येत सिद्ध करायला घेतली. मला आजवर आजारपणाची सोंगं काढणारे पुष्कळ भेटलेत, पण धडधाकटपणाचं सोंग मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आत्याबाई सकाळी नऊला कुरडया वाळत घालायला तीन जिने चढून गच्चीवर गेल्या. अकराला मी हाक मारली. वरून उत्तर आलं, "हवा छान सुटलीय गं!" दीडला हाक मारली. "कावळे येतात, राखण करायला नको?" तीनला आम्ही ताट वर नेलं. नवरा, मुलगी, मी आणि किराणावाला. पाचला आम्ही चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून पालखीसारखं खाली आणलं. संपूर्ण वाटेत त्या दोन्ही बाजूंना बघत म्हणत होत्या, "मी आले असते चालत. तुम्हालाच हौस."

बुधवार उजाडला. मी म्हटलं, पुरे. हाडांच्या डॉक्टरांकडे दोघींनाही घेऊन जाते, ज्यांचा गुडघा जास्त खराब त्यांचं नाव घालते. मलकपेठेत दवाखाना होता. दोघी रिक्षात माझ्या दोन बाजूंना बसल्या आणि माझ्याशीच बोलत राहिल्या, एकमेकींशी नाही. माझ्या लग्नात मानपानावरून जे काही झालं होतं, त्यानंतर बावीस वर्षं त्यांचं बोलणं "या" आणि "बरंय" एवढ्यावरच थांबलेलं होतं.

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत सोफा होता. हाडांच्या दवाखान्यात इतका खोल सोफा ज्याने ठेवला त्याला धंदा कळत असणार. माणूस बसला की कमरेपर्यंत आत. दोघी शेजारी शेजारी बसल्या, नव्हे, बुडाल्या. मी समोरच्या लाकडी बाकावर.

"अकरा नंबर!" कंपाउंडर ओरडला.

"उठा विहीणबाई, तुमचा नंबर," आई म्हणाली.

"तुम्ही वडील. आधी तुम्ही."

"मी कसली वडील? आधार कार्डावर दोघींचाही वाढदिवस एक जानेवारी आहे."

अकरा गेला, बारा गेला. मी हात द्यायला उठले, तर दोघींनीही एकदमच डोळे वटारले. हात घेतला की हरलं, असा त्यांचा हिशेब. सोळा नंबर गेला, वीस गेला. एक माणूस कुबड्या घेऊन आत गेला तो बिनकुबड्यांचा बाहेर आला, तरी या दोघी सोफ्यातच. आणि उठून जाता येत नसल्यामुळे, बावीस वर्षांत पहिल्यांदा, त्या बोलू लागल्या. आधी सोफ्याला नावं ठेवली. मग सोफा बनवणाऱ्याला. मग माझ्या नवऱ्याला.

मग आत्याबाईंनी विचारलं, "एकादशीला तुमच्याकडे भजन होतं ना?"

"हौ. सकाळी."

"खाली बसला होतात?"

"मग काय खुर्चीवर बसून भजन म्हणू?"

"आणि उठलात कधी?"

आई पंख्याकडे बघू लागली. पंखा आमच्या कंपनीचा नव्हता, तरी बराच वेळ बघत राहिली. "शेजारीण संध्याकाळी तेल मागायला आली," ती म्हणाली, "तिने हात दिला."

हे मलाही नवीन होतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझी आई जमिनीवर बसून होती, आणि मी दुपारी फोन केला तेव्हा म्हणाली होती, "नामस्मरण करतेय, मग बोलू."

आत्याबाईंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "मी गच्चीवर अडकले तर चार माणसं ताट घेऊन आली," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे कोण ताट आणणार?"

आई पुन्हा पंख्याकडे बघू लागली. आत्याबाई माझ्याकडे वळल्या.

"सूनबाई, काढ तो फोन. विहीणबाईंचं नाव टाक."

"नक्को हां," आई सावरली. "मी लेकीच्या घरचं..."

"लेकीच्या घरचं कुठंय? कंपनीचं आहे. अख्ख्या हैदराबादला उकडतं, लोक पंखे घेतात, त्यातनं तुमचा गुडघा येणार. त्यात उपकार कुणाचे झाले तर उन्हाळ्याचे."

मी "आई-वडील" निवडलं. सिस्टमने विचारलं, नक्की का? मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "बघतेस काय, दाब." दाबलं. मग मी आणि कंपाउंडरने मिळून दोघींना सोफ्यातून ओढून काढलं, चिखलातून बैलगाडी काढतात तसं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण आई अजून आईच होती.

महिनाभराने तिला दवाखान्यात दाखल केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ऑपरेशन, फक्त विमा कंपनीची मंजुरी यायची बाकी. सकाळी त्यांच्या डॉक्टरचा आईला फोन आला, चौकशीसाठी. मी तेव्हा खाली औषधं आणायला गेले होते. परत येते तर इन्शुरन्सच्या काउंटरवरचा माणूस डोक्याला हात लावून बसलेला.

"मॅडम, अम्मा क्या बोल दिए देखो. बोले, दर्द नई है, रोज बस स्टँड तक चलती हूं. वो लोगां पूछ रहे, फिर ऑपरेशन कायकू?"

दुपारची वेळ हुकली तर सर्जन दोन महिने परदेशात. मी आईजवळ गेले. "अगं, असं का सांगितलंस?"

"अनोळखी माणसाने विचारलं, कशा आहात. बरी आहे म्हणाले. मग काय रडू त्याच्यापुढे?"

काउंटरवाला टॅब घेऊन आईच्या खोलीत आला आणि त्याने हातापाया पडून पुन्हा फोन जोडला. आईने तोंड घट्ट मिटून घेतलेलं. तेव्हा सोबतीला आलेल्या आत्याबाईंनी कोपऱ्यातल्या खुर्चीतून हात पुढे केला. "आण इकडे."

निम्मी दखनी आणि निम्मी मराठी, अशा त्यांच्या खास भाषेत त्यांनी सुरुवात केली. "सायेब, मैं इनकी समधन बोलती. बावीस वर्षांपासून बघतेय. या बाईंना बसता आलं तर उठता येत नाही. उठल्या तर वळता येत नाही. वळल्या तर कशासाठी वळल्या ते आठवत नाही."

आई पलंगावर ताठ झाली.

"नवरात्रात आमच्याकडे येतात, देवी खाली मांडलेली, तर दाराच्या चौकटीलाच नमस्कार करून जातात. जिना उतरायला निघाल्या की खालच्यांना वाटतं वर चोर आहे, इतक्या हळू. दर्द? सायेब, चेहऱ्यावर बघा ना, बावीस वर्षांत हसलेल्या बघितल्या नाहीत मी!"

"विहीणबाई..." आई म्हणाली.

"और एक बात. ओट्यापाशी यांना उभं राहवत नाही. कढी अर्ध्यातच सोडून बसतात, म्हणून यांची कढी कायम फुटलेली. आता ती गुडघ्यामुळे फुटते की हातामुळे, ते तुम्ही डॉक्टर लोकांनी ठरवा."

"कुणाची कढी फुटते?" आई गरजली. तिचा चेहरा लाल झाला.

"अम्मा, चुप बैठो!" काउंटरवाला स्क्रीनकडे बघत कुजबुजला. "मंजूर हो रा."

मग आईने जे सोसलं ते गुडघ्यापेक्षा भारी होतं. आत्याबाई आणखी दहा मिनिटं बोलल्या. आईचं पुरण, आईची रांगोळी, लग्नात दिलेली साडी, सगळ्याचा संबंध त्यांनी गुडघ्याशी जोडला. त्यातलं काही तर गेली बावीस वर्षं त्यांच्या ओठांवर अडून बसलं असणार. पलीकडचा डॉक्टर मध्येच "बस, अम्मा, समझ गया" म्हणाला, तरी त्यांनी साडीचा मुद्दा पूर्ण केलाच. मंजुरी आली. स्ट्रेचरवरून जाताना आईने त्यांच्याकडे बघितलंही नाही.

ऑपरेशन छान झालं. भुलीतून बाहेर येताना आईचे पहिले शब्द होते, "फुटते म्हणे."

व्यायाम करून घेणारी मुलगी सांगायची, असा पेशंट नाही पाहिला. दहा पावलं सांगितली की आई वीस टाकायची, आणि प्रत्येक पावलाला दात खाऊन काहीतरी पुटपुटायची. मुलीला वाटे, देवाचं नाव घेतेय.

दोन महिन्यांनी एका रविवारी आई न कळवता आमच्याकडे आली. रिक्षातून उतरली, जिना चढली, कुणाचा हात घेतला नाही. "बसा ना विहीणबाई," आत्याबाई स्वयंपाकघरातल्या खुर्चीतून म्हणाल्या. आई बसली नाही. पदर खोचला, ताक घुसळलं, बेसन कालवलं, आणि ओट्यापाशी उभी राहून कढी करायला घेतली.

"आच कमी ठेवा!" आत्याबाई ओरडल्या. त्यांना उठून कमी करता येत नव्हती. आईने मुद्दाम मोठी केली.

फुटली का? फुटली. थोडीशी, कडेला. आम्ही दोन-दोन वाट्या प्यायलो आणि तोंडातून शब्द काढला नाही. आत्याबाईंनी तिसरी मागितली. मी उठायला लागले, तर आईने मला हातानेच बसवलं, आणि गरम वाटी घेऊन स्वतः चालत त्यांच्या खुर्चीपर्यंत गेली.