घरतांची मागची सीट

पहिल्याच भेटीत माझं वजन विचारणारा माणूस मला आयुष्यात एकच भेटला.

न्हावा शेव्याच्या वाटेवर कंटेनर ठेवायचं एक यार्ड आहे, तिथे मी कागदपत्रांच्या टेबलावर काम करतो. रुजू होऊन आठवडा झाला असेल. कँटीनमध्ये उसळपाव खात होतो, तेवढ्यात पन्नाशीचा, रुंद हाताचा एक माणूस समोर येऊन बसला. गळ्यात दोरीला बांधलेली टॉर्च. त्याने मला एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर पाहिलं.

"वजन किती तुमचं?"

"त्रेपन्न," मी म्हणालो.

"बरोबर हाय," तो म्हणाला. "रविवारी मोकळे असता काय?"

माझ्या वजनाला तोवर सगळ्यांनी नावंच ठेवली होती. शाळेत मला काडी म्हणत आणि लग्न ठरवताना सासऱ्यांनी वडिलांना बाजूला घेऊन मला काही आजार आहे का विचारलं होतं. हे वजन कुणाला बरोबर वाटेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी लगेच हो म्हणून बसलो.

हे घरत. यार्डात सर्व्हेअर होते. परत आलेला रिकामा कंटेनर पुन्हा माल भरण्याच्या लायकीचा आहे की नाही, हे ठरवायचं त्यांचं काम. छोट्या हातोडीने पत्र्यावर टकटक करत ते बाहेरून एक फेरी मारायचे. मग आत जाऊन उभे राहायचे आणि बाहेरच्याला दार लावून घ्यायला सांगायचे. काळोखात कुठून उजेडाचा ठिपका दिसतो ते बघायचं. दिसला तर पत्र्याला भोक आहे. "भायरून कोनपन सांगेल," ते नव्या माणसांना सांगत. "आत उभा रा, मग बोल." ताजा रंग दिसला की त्यांचा चेहरा पडायचा. ताजा रंग म्हणजे खाली कुणीतरी काहीतरी लपवलंय, हा त्यांचा पक्का हिशोब होता, आणि बहुतेक वेळा तो बरोबर निघायचा.

रविवारी कळलं की त्यांना जुनी मोटरसायकल घ्यायची आहे आणि तिच्या मागच्या सीटवर बसायला मी हवा आहे. त्यांच्या बायकोचं, वनितावहिनींचं, वजन बावन्न होतं. यार्डात तेवढ्या वजनाचा दुसरा पुरुष नव्हता.

वहिनींची मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी पनवेलला जावं लागे. त्यांचं मूळ गाव नव्या विमानतळाच्या जमिनीत गेलं, आता घर उलव्याच्या अलीकडे पुनर्वसनाच्या प्लॉटवर. सुरुवातीला घरत त्यांना आपल्या जुन्या गाडीवरून नेत-आणत असत. एके दिवशी परतताना गव्हाण फाट्याच्या पुढे स्पीडब्रेकरवर वहिनींना चक्कर आली आणि त्या मागच्या मागे पडल्या. मनगट मोडलं. हे घरतांनी मला करंजाड्याच्या एका चहाच्या टपरीवर सांगितलं, कप हातात तसाच धरून.

"पडली त्याचं नाय एवढं, साठे. मी पुढे चाललेलो. तिच्याशी बोलत चाललेलो. मच्छी काय आनू इचारत होतो. ती बोलंना, तवा मागे बगितला."

त्याच आठवड्यात त्यांनी ती गाडी विकून टाकली. वहिनींना डायलिसिसला रिक्षाने नेऊ लागले आणि स्वतः शेअर रिक्षाने यार्डात येऊ लागले. आता त्यांना अशी गाडी हवी होती जिच्यावरून त्या पडणार नाहीत.

मग आमचे रविवार सुरू झाले. खांदा कॉलनी, कामोठे, कळंबोली, जुन्या पनवेलातली गॅरेजं. मोबाइलवर जाहिरात दिसली की घरत शनिवारीच मला फोटो पाठवत. गाडी त्यांना दोन कामांसाठी लागत होती, रोज यार्डात यायला आणि वहिनींना बसवून न्यायला, पण पहिल्या कामाबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. इंजिन ते दोन मिनिटांत उरकत. मागच्या सीटवर मात्र अर्धा तास जाई. खिशातून शिंप्याची टेप काढून जमिनीपासून सीटची उंची मोजत. साडीगार्ड हलवून बघत. डावीकडचा फूटरेस्ट झिजलेला दिसला की खूश होत, "हिच्यावर बाय मानूस बसायची, सवय हाय गाडीला," म्हणत. जणू गाडीला माणसासारखी सवय असते. विकणारे म्हणायचे, काका, ॲव्हरेज विचारा, टायर बघा. घरत म्हणायचे, "चालवनाऱ्याचं काय, तो कसापन बसतो. गाडी मागे बसनाऱ्याची."

मग ते पुढे बसत, मी मागे, आणि ट्रायलला निघायचो. एक फेरी मी दोन्हीकडे पाय टाकून बसायचो, एक फेरी बायकांसारखं एका बाजूला. कामोठ्यात ओळखीचं कुणी दिसलं तर मी मान खाली घालत असे. परत आलो की गाडी उभी करून ते वळून विचारत, "कसा वाटला?" आणि माझ्या उत्तराकडे असं कान देऊन ऐकत की मला एकदम मोठा झाल्यासारखं वाटे. ऑफिसात माझं मत कुणी विचारत नव्हतं. घरी तर सोडूनच द्या. त्यामुळे मी मन लावून उत्तरं देऊ लागलो. इथे शॉकअप कडक आहे. तिथे मागचं हँडल हाताला लांब पडतं. या सीटचा कोपरा टोचतो. मी सांगावं, त्यांनी मान डोलवावी आणि गाडी नाकारावी. असं वर्षभर चाललं. जुन्या पनवेलातला एक डीलर आम्हाला बघितलं की शटरच अर्धं ओढून घ्यायचा.

एका रविवारी ते मला घरी घेऊन गेले. वहिनी सोफ्याच्या हातावर बसल्या होत्या, एका बाजूला पाय सोडून, एक हात समोरच्या खुर्चीच्या पाठीवर.

"सराव चालू हाय," त्या हसून म्हणाल्या. "तुमीच काय ते माझ्या जागी बसता?"

घरत चहाचं बघायला आत गेले तेव्हा त्यांनी आवाज खाली आणला. त्यांचं माहेर चिरनेरचं. आई ऐंशीच्या पुढे गेलेली, एकटी, आणि तिला लेकीच्या डायलिसिसचं काहीच माहीत नव्हतं. हाताला लागलं होतं एवढंच सांगितलं होतं. वहिनींना एकदा आईला भेटून यायचं होतं. दिराने त्याची जीप कितीदा देऊ केली होती, पण जीप त्यांना नको होती.

"जीपमधून मला दोगांनी धरून उतरवलं की झालं, भाऊ. सगळा गाव गोला होईल. आई समजेल. पन यांच्या मागे बसून गेले नं, दर गनपतीला जायची तशी, तर ती म्हनेल पोर बरी हाय. अर्धा तास बसेन आनि येईन." मग आतल्या दाराकडे एकदा बघून त्या म्हणाल्या, "यांना गाडी मिलायची नाय. मी पडनार नाय अशी गाडी कुठली असायला? फुडची गाडी बगाल नं, तर चांगली हाय म्हना. कशीपन असू दे. मी पडले तर पडले."

मी कबूल केलं. तोंडाने कबूल केलं, मनातही केलं.

पुढची गाडी करंजाड्याला एका शिक्षकांची होती. सव्वाशे सीसी, करड्या रंगाची, एकहाती वापरलेली. उंची मापात बसली, साडीगार्ड घट्ट, मागचं हँडल हाताशी. डावा फूटरेस्ट झिजून गुळगुळीत झालेला. घरतांनी दोनदा टेप लावली आणि दोन्ही वेळा एकही खोट काढली नाही, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. आम्ही निघालो. करंजाड्याचा रस्ता, विमानतळाच्या भिंतीपर्यंत, तिथून परत. येताना एका स्पीडब्रेकरवर त्यांनी ब्रेक मारला आणि मी सीटवर पुढे घसरलो. फार नाही. त्यांच्या पाठीला माझी छाती टेकली, एवढंच.

गाडी उभी करून त्यांनी विचारलं, "कसा वाटला?"

वहिनींचं बोलणं मला आठवत होतं. चांगली आहे, हे दोन शब्द अगदी जिभेवर होते. पण मला वहिनी फाट्यापुढच्या रस्त्यावर पडलेल्या दिसल्या, आणि घरत माझ्याकडे त्याच विश्वासाने बघत होते. मग मी म्हणालो, "चांगली आहे, पण ब्रेक मारला की पुढे घसरायला होतं."

त्यांनी शिक्षकांचे आभार मानले आणि टेप गुंडाळून खिशात ठेवली.

मी खरं बोललो. पुढे कित्येक महिने मी स्वतःला हेच समजावत होतो. काळजीपोटी बोललो की कान देऊन ऐकणारा एकच माणूस गमवायचा नव्हता म्हणून, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं आणि आजही सांगता येत नाही.

त्यानंतर वहिनींचं वजन उतरू लागलं. डायलिसिसला प्रत्येक वेळी आधी वजन करतात, तो आकडा घरत मला दुसऱ्या दिवशी सांगायचे. एकोणपन्नास. सत्तेचाळीस. पंचेचाळीस झाल्यावर ते मला रविवारी उपाशी यायला सांगू लागले. पावसाळ्यात मी रेनकोट घातला तर तो उतरवून ठेवायला सांगत. मी हसत असे, तेही हसत. एके रविवारी मी सातलाच तयार होऊन बसलो आणि त्यांचा फोन आला नाही. सोमवारी मी विचारलं.

"आता तुमी जड पडता, साठे," ते म्हणाले. खाली बघत म्हणाले, काही चुकल्यासारखे.

पुढे कुणीतरी मला सांगितलं की घरत हल्ली तांदळाची गोणी घेऊन फिरतात. मागच्या सीटवर ती दोरीने बांधतात आणि ट्रायल मारतात. मी एकदा कळंबोलीला स्वतः पाहिलं. गोणी पाऊणच भरलेली होती. तोंड बांधून उरलेला भाग त्यांनी नीट दुमडून खाली खोचला होता. मला हाक मारावीशी वाटली, पण मारली नाही. गोणीला विचारून उत्तर मिळणार नव्हतं, हे त्यांना समजत नव्हतं असं थोडंच आहे. पण शोध थांबवायचा म्हणजे वहिनी आता कुठल्याच गाडीवर बसणार नाहीत हे मान्य करायचं, आणि ते त्यांच्याने होत नव्हतं. त्या तेव्हा उठून संडासापर्यंतही जात नव्हत्या.

दिवाळीनंतर त्या गेल्या. चिरनेरहून आईला आणायला दिराची जीप गेली. म्हातारीला दोघांनी धरून उतरवलं. लेकीला काय झालं होतं, हे तिला अंगणात कळलं. ती रडली नाही, नुसतं घरतांना विचारत राहिली, "मना कोनी सांगला का नाय?" घरत तिच्यासमोर उभे होते. मी कुंपणाशी उभा होतो. मला त्या बाईसमोर जायचं धाडस झालं नाही.

सहा महिन्यांनी माझ्या बाजूची ऑफिसची बस बंद झाली आणि मला गाडीची गरज पडली. रोज यार्डात यायचं आणि बायकोला सकाळी पनवेलला सोडायचं. दुसऱ्या कुणाला विचारणं बरं दिसलं नसतं, म्हणून घरतांनाच विचारलं. ते आले. गाडी कामोठ्यात होती, सव्वाशे सीसी, करंजाड्याला पाहिली होती त्याच बनावटीची, फक्त रंग काळा. माझ्या लक्षात आलं होतं. त्यांच्याही आलं असणार. त्यांनी इंजिन ऐकलं, चॅसीवर बोटाने टकटक केलं, टायर बघितले. खिशाकडे हात गेला नाही.

"मागची सीट?" मी विचारलं.

"घ्या तुमी," ते म्हणाले. "गाडी चांगली हाय."

व्यवहार झाला. किल्ली हातात आल्यावर मी म्हणालो, "बसा, घरी सोडतो." ते गाडीच्या मागच्या बाजूला जाऊन घुटमळले.

"मी कदी मागे बसलो नाय," ते म्हणाले.

मला ते खरं वाटेना. पण आठवून पाहिलं तर खरंच होतं. वर्षानुवर्षं कंटेनरात शिरून दार लावून घेणारा माणूस, आणि त्या सगळ्या रविवारी एकदाही मागे बसला नव्हता. ते सावकाश चढले. दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवले, मग काढून मागचं हँडल धरलं. उलव्याच्या रस्त्याला लागलो. डंपर, खडी, बांधकामांची धूळ नेहमीचीच. त्यांच्या वळणाच्या अलीकडे एक स्पीडब्रेकर आहे. मी ब्रेक मारला आणि ते सीटवर पुढे सरकले. त्यांची छाती माझ्या पाठीला टेकली.

ते मागे सरकले नाहीत. तसेच बसून राहिले आणि थोड्या वेळाने कानाशी म्हणाले, "साठे, एवढंच?"

मी गाडी बाजूला घेतली. वळून बघायची हिंमत झाली नाही.

"हो," मी म्हणालो. "एवढंच."