बंगळूरची एक जागा

कोल्हापुरातल्या एका मोठ्या दवाखान्यात शांभवी समाजसेविका होती. मनोविकार विभागात येणाऱ्या पोरासोरांचं तिनंच बघायचं. पण ते कसं, हे तिला शिकवलं कुणी? कुणीच नाही! वर्षातून एकदा बंगळूरहून पत्र यायचं: मुलांच्या मनाचे आजार, सहा आठवड्यांचं प्रशिक्षण, जागा एक. शांभवीच्या घरी बोलणं कानडीतच, त्यामुळं ती एका पायावर तयार.

पण जागा मिळायची सेवाज्येष्ठतेनं. अठ्ठ्याण्णव साली गेले तिचे वरिष्ठ हंबीरराव, निवृत्तीला तीन महिने उरलेले. आता बोला! म्हैसूर बघून आले, चंदनाची पेटी घेऊन आले. तिथं मिळालेली पुस्तकं त्यांनी इमानेइतबारे रजिस्टरला चढवली आणि कपाटाला कुलूप घातलं. शांभवीनं मागितली, तर म्हणाले, "हरवली तर माझी पेन्शन अडकंल की! तुमचा नंबर येईल तवा जावा."

त्याच साली गारगोटीच्या शालूबाई आपल्या तेरा वर्षांच्या प्रियदर्शनीला घेऊन दर मंगळवारी यायला लागल्या. पोरीनं दिवाळीपासून तोंड उघडलं नव्हतं. शांभवीपुढचा छापील तक्ता मोठ्या माणसांचा: झोप, भूक, व्यसन. ती आईसमोरच एकेक प्रश्न विचारायची. पोर गप्प. नुसतं टेबलावरचं पेन उचलून घट्ट धरून बसायची.

"ठेव बाळा, कामाचं आहे ते," म्हणत शांभवी ते हळूच काढून घ्यायची.

"कायतरी करा की हो बाई," शालूबाई हात जोडायच्या. मला येत नाही, हे शांभवीच्या ओठांवर यायचं आणि ती ते गिळायची. लाज वाटायची तिला स्वतःची.

पावसाळा संपता संपता एका मंगळवारी शालूबाई एकट्याच आल्या. पोरीनं विहीर जवळ केली होती.

"तुमास्नी तरी काय बोलली व्हती का हो?" एवढंच त्यांनी विचारलं.

शांभवीचा नंबर लागला दोन हजार तीन साली. पहिल्याच दिवशी बंगळूरच्या मॅडमनी सांगितलं, "मूल बोलत नसेल तर आईला जरा बाहेर बसवा. कागद-पेन त्याच्या पुढ्यात ठेवा आणि गप्प बसा. बोलवत नाही ते मुलं लिहितात."

झालं! एवढंच होतं ते. ह्यासाठी पाच वर्षं!

मग सगळ्यांनी जोडीजोडीनं तसं करून बघायचं होतं: एकीनं मूल व्हायचं, दुसरीनं तिच्यापुढं पेन ठेवायचं. शांभवीच्या हातातलं पेन काही सुटेना. जोडीला बसलेल्या बाईनं काय झालं विचारलं, तशी ती हमसून रडायला लागली.

"ती पेन मागत होती हो," ती म्हणाली, "आणि मी दर मंगळवारी काढून घेतलं."