रक्ताच्या रिसर्चला एकदाणी देणारी माझी माय

दुधाचा दात पडला आणि माझा मोठा भाऊ मेला.

सुरेश. नुकताच शाळेत जायला लागला होता. पन्नासच्या दशकातली गोष्ट, शहाद्याजवळच्या आमच्या गावातली.

रक्त थांबेना. कापूस दाबला, हळद दाबली. बैलगाडीतून शहाद्याच्या दवाखान्यात नेलं, तिथून धुळ्याला न्यायला निघाले.

धुळं आलंच नाही. वाटेतच, मायच्या मांडीवर गेला.

मग धाकटा मोहन रांगायला लागला, तर त्याचे गुडघे सुजून काळेनिळे व्हायला लागले.

आबा, म्हणजे आमचे वडील, माय आणि मोहनला घेऊन मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात गेले. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. हिमोफिलिया. रक्त गोठत नाही. येतो आईकडून, भोगतात मुलगे.

औषध?

“अजून नाही. आम्ही रिसर्च करतोय, पण फंड नाही. सगळा पैसा टीबी-मलेरियाला जातो. तेही बरोबरच आहे, माणसं त्यानंच जास्त मरतात.”

मायनं त्यातलं एवढंच ऐकलं होतं. आईकडून.

परतीच्या ट्रेनमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. मोहनला आबांनीच भरवलं.

घरी आल्यावर तिनं गळ्यातली सोन्याची एकदाणी काढून आबांपुढे ठेवली. माहेरची होती.

“डॉक्टरले द्या. रिसर्चले.”

थोरले काका, आमचे जिभाऊ, आबांवर भडकले. “पोऱ्या तर गया. त्यान्हा नावनी देवळले पायरी बांध. डॉक्टरले दीसन काय व्हई?”

जिभाऊंसमोर कधी तोंड न उघडणारी माय पदर सावरून म्हणाली, “पायरी बांधीसन कोन्हा पोऱ्या वाचस?”

मी दारात उभी होते. जिभाऊंनी माझ्याकडे बोट केलं. “गावले समजनं ते ही पोरले कोन करी?”

आबा खाली बघत म्हणाले, “डॉक्टर बोलनात, वरीस लागतीन. मोहनले उपयोग व्हवाव नही.”

“मन्हा नही ते दुसरीना पोऱ्या वाची जाई.”

एकदाणी विकली. आबा स्वतः मुंबईला पैसे देऊन आले.

माय तेवढ्यावर थांबली नाही. कोरीटला माहेरी गेली, भावाकडे पैसे मागितले. मामा म्हणाला, या आजाराचं नाव या घरात पुन्हा काढू नकोस, मला मुली उजवायच्या आहेत.

तिचं माहेर तुटलं ते कायमचं.

मोहन हायस्कूलपर्यंत पोचला. मुलं क्रिकेट खेळायची, हा ओट्यावर बसून अंपायर. आउट दिला की भांडायचे त्याच्याशी, पण हात कोणी लावायचं नाही.

साठच्या दशकात, शहाद्याच्या स्टँडवर एसटीतून उतरताना त्याचा पाय घसरला. डोकं आपटलं.

बाहेर थेंबभरही रक्त नव्हतं.

संध्याकाळपर्यंत गेला.

त्याचे दिवस झाल्यावर मायनं हातातल्या पाटल्या काढल्या. आबांना कळेना.

“आते कोनकरता?”

“तठे मुंबईले आजूनबी बाया पोरेस्ले लिसन येत व्हतीन.”

आबा पुन्हा मुंबईला गेले.

त्या पैशांतून काय सापडलं, आम्हाला कधी कळलं नाही. मायनं विचारलंही नाही. मला स्थळ आलं की मात्र ती आधी सगळं खरं सांगायची. बरीच परत गेली.

आज सकाळी माय गेली. खूप म्हातारी होऊन, घरीच.

सुरेश-मोहनच्या आईला माझा शेवटचा नमस्कार.