गच्चीवरचे मिस्त्री

प्रकाश, सुमन,

मी नोकरीसाठी पुण्याला निघालो तेव्हा बाबा गवंडीकामावरून तसेच स्टँडवर आले होते, नखांत सिमेंट घेऊन. बस सुटताना म्हणाले, "घर घेशीन तवा मले सांगजो. गच्ची मी पाहीन."

सॉफ्टवेअर कंपनीत स्थिरावल्यावर विश्रांतवाडीत जुनं बैठं घर घेतलं. घेतलं भर उन्हाळ्यात, कोरडं छत बघून. एका वळवातच बैठकीत तीन बादल्या लावाव्या लागल्या. पावसाळा तोंडावर, ठेकेदार मिळेना. बाबांना कळवलं. ते थैलीत थापी आणि ओळंबा घालून आले. जुना थर फोडून त्यांनी विटांच्या तुकड्यांचा कोबा घातला, कडेनं मातीचा बांध करून गच्चीवर पाणी साठवलं. आठ दिवसांत खाली ओल आली नाही तर काम पक्कं, असं त्यांचं म्हणणं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातले साहेब घर बघायला आले. शेजारचे नाना कुंपणाशी येऊन म्हणाले, "मिस्त्री वेळेवर कामाला लागतो, म्हणजे पुण्याचा नसणार. कुठून मिळवलात?"

मी साहेबांकडे पाहिलं. म्हणालो, "आमच्या गावाकडचे आहेत."

बाबा वर बांधाला माती लावत होते. त्यांचा हात थांबला नाही.

नानांनी बोलावलं तसे ते संध्याकाळी त्यांच्या मोरीची फरशीही बसवून आले. नानांनी त्यांना पायरीवर चहा दिला, तो मी खिडकीतून बघितला. घरी येऊन हात धुताना बाबा म्हणाले, "त्यायले मी काही नाही सांगतलं."

सकाळी ते गेले. गच्चीवरचं पाणी तसंच होतं.

बाबांना पुण्याची हवा मानवली नाही, असं मी तुम्हाला लिहिलं. तुम्ही अजून तेच सांगता. ते खोटं आहे. ते पुन्हा आले नाहीत, आणि मीही बोलावलं नाही. उरलेले दिवस मी रोज उठून छत बघत होतो. एक थेंब आला नाही. आजवर आलेला नाही.

नाना गेले. परवा त्यांच्या मुलानं विचारलं, तुमची गच्ची कुणी केली होती? "माझ्या वडिलांनी," मी म्हणालो. तो "अच्छा" म्हणाला आणि फोनमध्ये बघू लागला.

बाबांनंतर आपलं गावचं घर राहिलं नाही. घर म्हणायला मला उरलंय ते हे छत. ते बाबांनी घातलंय. तुमच्या मुलांना एवढं सांगा.