देवीच्या विहिरीवरचा तवंग

गेल्या एप्रिलमध्ये एका मंगळवारी सकाळी पनवेलजवळच्या आमच्या खाडीकाठच्या गावात देवीच्या विहिरीवर रंगीत तवंग दिसला. नळाला दिवसाआड पाणी येऊ लागल्यामुळे बायका बऱ्याच महिन्यांनी विहिरीवर गेल्या होत्या. दुपारपर्यंत दोषी ठरला: विहिरीपासून वीस पावलांवर भाड्याने राहणारा टँकरचालक. तो द्रोणागिरीच्या तेल-डेपोतून तेल वाहतो आणि टँकर घरासमोर उभा करतो.

संध्याकाळच्या बैठकीत ठरले की त्याच्या बायकोने विहिरीवर यायचे नाही आणि महिनाअखेर खोली सोडायची. चालक म्हणाला, "टँकर मी डेपोतच धुतो." लोक उठून घरी गेले. मीही उठलो. वर्तमानपत्रात काम करत असल्याने तवंगाचे फोटो आधीच काढले होते. टँकरखालची माती उकरून हुंगली होती. डिझेलचा वास होता. तो कुठल्याही ट्रकखाली येतो, हे वहीत लिहिले नाही.

खारघरच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईंना फोन केला. त्यांनी विचारले, "काडी फिरवून पाहिलीत?" पाहिली नव्हती. त्या म्हणाल्या, तेलाचा थर द्रव असतो, फाटला तरी पुन्हा जुळतो. साचलेल्या पाण्यात लोहावर जगणारे जिवाणू जो थर धरतात तो ताठ असतो. तो तडकतो आणि तुकडे वेगळेच राहतात.

बुधवारी हे शेजारच्या मासे विकणाऱ्या मावशींना सांगितले.

"ह्या सांगाला बाई लागली? होडीचं डिझेल खाडीत पडलं का वल्ह्यानं फाडायचं, लगेच परत जुळतं. पोरांना पण ठाव हाय."

"मग विहिरीत कोणी का नाही पाहिलं?"

"देवीच्या पाण्यात काडी? तू घालशील?"

विहिरीच्या पायरीवर आम्ही चपलाही नेत नाही. मावशींनी कठड्याला कुंकू लावले, हात जोडले आणि माडाच्या झावळीची काडी, हीर, घेऊन पायऱ्या उतरल्या. आठ-दहा माणसे वरून पाहत होती. हीर लागताच तवंग तडकला. टोकदार तुकडे झाले. दहा मिनिटे थांबलो. तुकडे जुळले नाहीत.

"वरचा तसा असंल," एक म्हातारा म्हणाला. "खालचा कोणी बघितला?"

दुसरा म्हणाला, "टँकरवाल्यानं पेपरवाल्याला चहा पाजला वाटतं."

"तू पाजलास का कदी?" मावशींनी खालूनच विचारले.

त्याच दिवशी पाण्याची बाटली भरून प्रयोगशाळेत दिली. पुढच्या आठवड्यात अहवाल आला. लोह जास्त, तेलाचा अंश नाही. त्याची प्रत सरपंचांना दिली, दुसरी देवळाच्या फळ्यावर लावली. चालकाच्या बायकोने ती उभ्याने वाचली आणि मावशींना विचारले, "आता पाणी भरू का?" मावशी म्हणाल्या, "बैठकीला विचार."

बैठक पुन्हा बसली नाही. महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी साडेनऊला चालकाचे सामान टेम्पोत चढले. टेम्पो हमरस्त्याकडे, पळस्प्याच्या दिशेने गेला.