नजर घड्याळाकडे

मी शिकलो ते आमच्या हायस्कूलच्या गणिताच्या सरांमुळे. सांगोला तालुक्यातलं आमचं गाव. घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. सरांनीच मेंढरांमागे हिंडणाऱ्या माझ्या वडिलांना माळावर गाठून मला सोलापूरला पाठवायला राजी केलं.

सरांना फिट यायची. आठवीच्या वर्गात पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून ठेवलं, मी पडलो की सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करायचं. एकानं मला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली दप्तर द्यायचं आणि घड्याळाकडे बघत बसायचं. पाच मिनिटांच्या वर गेलं तरच हेडमास्तरांना हाक मारायची. तो एक म्हणजे मी. तोंडाकडे का बघायचं नाही, असं एकदा विचारलं. सर म्हणाले, "अरे, ते मी स्वतः कधी बघितलेलं नाही. मग तुमी तरी कशाला बघताय?"

दहावीपर्यंत तीन-चार वेळा मी दप्तर सरकवलं. त्यांचा चेहरा एकदाही पाहिला नाही.

पुढे सोलापुरातल्या एका छोट्या वृत्तवाहिनीत मी कॅमेरामन झालो. शूटही मीच करायचं आणि एडिटही. अपस्मारावर बातमी करायचं ठरलं तेव्हा मी ती मागून घेतली. शुक्रवार पेठेत एक मुलगी भेटली, शाळेचे युनिफॉर्म शिवणारी. कारखान्यात एकदा फिट आल्यापासून मालकानं तिला घरीच शिवायला सांगितलं होतं. तिला परत बायकांच्या रांगेत बसायचं होतं. डॉक्टरांची हरकत नव्हती, मालकच ऐकत नव्हता. टीव्हीवर डॉक्टर बोलले तर ऐकेल, एवढ्यासाठी ती कॅमेऱ्यापुढे बसायला तयार झाली. धास्तीनं आदल्या रात्री झोपली नव्हती, हे मला नंतर कळलं. आईची अट एकच, पोरीचं तोंड दिसता कामा नये.

बोलता बोलता ती गप्प झाली आणि खुर्चीवरून कलंडली. आई चप्पल हुंगवायला धावली, तिला मी थांबवलं. मुलीला कुशीवर केलं, शिवायला आलेलं खाकी कापड घडी करून डोक्याखाली दिलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिलो. दोन मिनिटं. सगळं सरांनी शिकवल्यासारखं. फक्त कॅमेरा चालूच राहिला होता.

ऑफिसात संपादकांनी ते पाहिलं. "हेच लाव की. तोंड ब्लर कर, झालं." मी नाही म्हणालो नाही. डॉक्टरांचं बोलणं लांब होतं आणि दृश्य कमी पडत होतं. असं झालं की आम्ही तोच तुकडा पुन्हा लावतो. मी तो पाच वेळा लावला. ब्लर नीट बसावा म्हणून एकेक फ्रेम सरकवत तिच्या चेहऱ्याकडे बघावं लागलं. काही वेळानं तो चेहरा तिचा राहिला नाही, सरांचा झाला. कडेला माझं तोंड होतं, घड्याळाकडे वळलेलं.

बातमी लागल्यावर चौथ्या दिवशी मी तिच्या घरी गेलो. मालकाचा निरोप आला होता, पहिल्या तारखेपासून ये. मला हायसं वाटलं. पण शिलाई मशीन झाकून ठेवलेलं होतं. आई उंबऱ्यातच उभी राहिली. "जात न्हाय म्हणत्या. भाईरच येत न्हाय."

आतून मुलीचा आवाज आला, अगदी शांत. "दादा, मला एकदाच आली होती की. तुमी पाच डाव पाडलं." मग थांबून म्हणाली, "मी आजवर बघितलं नव्हतं. कारखान्यातल्या बायकांनी त्या दिवशी हेच बघितलं व्हय?"

वाहिनीच्या इंटरनेटवरच्या पानावरून ती बातमी मी काढायला लावली. पण अजून कुणाच्याही चेहऱ्यावर ब्लर टाकताना माझा हात थांबतो. त्या आठवड्यात मी गावी पत्र पाठवलं.

आदरणीय सर, नमस्कार.

माझ्या हातून एक चूक झाली आहे आणि ती तुमच्यापाशीच सांगता येईल. एका मुलीला फिट आली तेव्हा तुम्ही सांगितलेलं सगळं मी केलं. पण कॅमेरा तिच्याकडे तोंड करून उभा होता. तिनं कधी न पाहिलेलं मी तिला टीव्हीवर दाखवलं. त्यात मला तुमचंही तोंड दिसलं, सर. रागावू नका.

ती आता कामावर जायचं नाही म्हणते. माझं ती ऐकणार नाही, आणि ते बरोबरच आहे. तुम्ही मात्र थोडा वेळ बसून उठायचात, सदऱ्यावरचा खडू झटकायचात आणि राहिलेलं गणित पुढे घ्यायचात. आम्ही भिंतीकडून वळायचो तेव्हा तुम्ही फळ्याकडे वळलेले असायचात. ते कसं जमायचं, हे तिला तुम्हीच सांगू शकाल. पहिल्या तारखेच्या आत येता येईल का? मी एसटी स्टँडवर थांबेन. कॅमेरा आणणार नाही.