शेवंडीच्या तक्त्यातले दोन रकाने

सदर भागातल्या आमच्या सरकारी कार्यालयात मधुकरराव बावीस वर्षे आकडे जुळवत होते. कामठीहून रोज बसने येत. घर माळकऱ्यांचे, कांदा-लसूणही वर्ज्य. अशा माणसाकडे १९७४ साली शेवंडीचे काम आले. शेवंड म्हणजे समुद्रातला मोठा झिंगा. कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, क्युबा अशा देशांत ती दरसाल किती धरली जाते, याचा दहा वर्षांचा तक्ता हवा होता. मधुकररावांनी शेवंड चित्रातही पाहिली नव्हती.

तक्ता झाला. त्यात एका देशाचा आकडा (नाव इथे नको) एकाच वर्षात तिसऱ्या हिश्शावर आला होता. अधीक्षक आनंदरावांनी लगेच टिपण लिहिले, की तिथली शेवंड संपत आली, आपल्या निर्यातीला वाव आहे. फक्त तक्त्याखाली मधुकररावांची सही हवी होती. ती ते करीनात. त्यांच्या बढतीचा कागद त्याच आठवड्यात आनंदरावांच्या टेबलावर होता, हे साऱ्या विभागाला ठाऊक होते.

"छापील आकडा खोटा आहे काय?"

"खोटा नाही साहेब. पण नावा तेवढ्याच, माणसं तेवढीच, अन् माल एका सालात गेला कुठं?"

"सोमवारी सांगा. नाही तर दुसऱ्याची सही घेतो."

शनिवारी मधुकरराव कामठीला बसमधून उतरले, तर थांब्याजवळ कन्हान नदीचे झिंगे विकणाऱ्या कौशल्याबाईशी एक गिऱ्हाईक बाई भांडत होती.

"किलोभर घेतले वं, अन् हे अर्धा किलोबी नाही भरत!"

"मले काहून बोलून राहिली? साफ करून दे, तूच म्हणाली. डोक्याचं वजन डोक्यासंगं गेलं!"

रोज नाकाला रुमाल लावून जाणारे मधुकरराव टोपलीपाशी थांबले. "बाई, पुन्हा तोला बरं."

समोरचा पानवाला केशव ओरडला, "मधुकरराव, बाटले का गा?"

सोमवारी त्यांनी कपाटातून त्या देशाचे मूळ वार्षिक अहवाल काढले. घट दिसत होती त्या वर्षापासून तिथे अख्ख्या शेवंडीऐवजी नुसत्या गोठवलेल्या शेपट्यांचे वजन नोंदले जात होते. शेपटी म्हणजे साधारण तिसरा हिस्सा. हिशेब फिरवून मांडला, तर उत्पादन थोडे वाढलेलेच निघाले.

आनंदरावांनी तो कागद तीनदा वाचला. "हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कौशल्याबाईनं."

"कोणत्या विद्यापीठाच्या?"

"कामठी बसथांब्याच्या, साहेब."

आनंदरावांनी आपले टिपण फाडले आणि बढतीचा कागद शिफारशीसह त्याच दिवशी वर पाठवला. मंजुरीला पुढे दोन वर्षे लागली. तो दोष आनंदरावांचा नव्हता.

मधुकरराव निवृत्त झाल्यावर तो तक्ता माझ्याकडे आला. त्यात 'अख्खी' आणि 'शेपटी' असे दोन रकाने त्यांच्या अक्षरात आखलेले आहेत. शेवंड मीही अजून पाहिलेली नाही.